शाहिदचा खडा

सौदी किनाऱ्यावरच्या रास अल खैरच्या त्या प्रयोगशाळेत माणसामाणसांत भांडणं फारशी होत नसत, आणि झालीच तर ती दगडांवरून होत. खाणीतून आलेला दगड फोडायचा, दळायचा, बाटलीत भरायचा आणि हा गृहस्थ नेमका कोण, कुठल्या खनिजांचा बनलेला, याचा निवाडा करायचा, हे तिथलं काम. निवाड्याची साधनं तीन होती. एक्सआरएफ नावाचं यंत्र दगडात कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते सांगे. एक्सआरडी नावाचं दुसरं यंत्र स्फटिकांची आतली मांडणी ओळखून खनिजाचं नाव सांगे. ही दोन्ही यंत्रं हर्णैचा शाहिद चालवायचा. तिसरं साधन म्हणजे खिडकीपाशी ठेवलेला एक जुना पोलरायझिंग मायक्रोस्कोप आणि त्याला डोळा लावून बसलेला मुरुड-जंजिऱ्याचा उल्हास. वयाची पन्नाशी उलटली तरी दगडाची केसाहून पातळ चकती काचेवर चिकटवून तिच्यातले रंग पाहताना तो गालातल्या गालात हसायचा, आणि आपण हसतो आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितल्यावरच कळायचं.

"तुझ्या यंत्रांचं कसं आहे, शाहिद," तो म्हणायचा, "त्यांना पुरणपोळी दिली तर एक म्हणेल, ह्यात डाळ, गूळ आणि कणीक आहे. दुसरं म्हणेल, ही पुरणपोळी आहे. पण पुरण कुठे फुटलं आणि कुठली बाजू तव्यावर जास्त राहिली, हे बघायला डोळाच लागतो."

"आणि तुमचा डोळा सांगेपर्यंत पोळी गार होते, उल्हासभाई," शाहिद उत्तर द्यायचा. यात खोटं काही नव्हतं. यंत्रांचं काम एक चहा होईपर्यंत उरकत असे. उल्हासला चकती घासता घासता दिवस पुरत नसे.

ही थट्टा वर्षानुवर्षं चालली असती, पण शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि वरून फर्मान आलं की नव्या जागेत तिन्हींपैकी दोनच साधनं जातील. तिसरं मोडीत. मायक्रोस्कोप गेला म्हणजे उल्हासचा इकामाही, म्हणजे तिथे राहायचा परवानाही, गेला, हे कुणी बोलून दाखवलं नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रयोगशाळेची प्रमुख अरवा ही उल्हासच्या लेकीहून फार मोठी नसलेली सौदी मुलगी, पण न्यायाला पक्की. तिने सांगितलं की, फैसला कागदावर नको, टेबलावर होऊ दे. ती नाव नसलेले काही नमुने बाटल्यांतून देईल, तिन्ही साधनांनी तेच नमुने तपासायचे, आणि ज्याचं उत्तर सगळ्यांत तोकडं पडेल ते साधन जाईल.

उल्हासने ही बातमी जुबैलच्या घरी सांगितली तेव्हा अलका मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हरलात तर माझ्यातर्फे पेढे. मुरुडच्या वाडीला पाणी घालायला माणूस हवाच आहे. आपली पोर स्मृती काय, पुण्याहून शनिवार-रविवार येत जाईल."

"आणि जिंकलो तर?"

"तर मेथीची भाजी," अलका म्हणाली.

बायकोला परत जायचं होतं आणि ती ते लपवतही नव्हती. उल्हासला मात्र जायचं नव्हतं, याचं कारण सांगायला त्याला थोडी लाज वाटे. नारळ-सुपारीच्या वाडीत, स्वतःच्या विहिरीवर बसून आपण नेमकं कोण असू, हे त्याला समजत नव्हतं. मायक्रोस्कोपपाशी ते समजत होतं. त्या स्टुलावरून कायमचं उठायची त्याला भीती वाटे.

बाटल्या आल्या. पहिल्या चारांत घरचीच माणसं निघाली, म्हणजे फॉस्फेट, बॉक्साइट, जिप्सम आणि साधी वाळू. तिथे यंत्रांनी चटाचट उत्तरं दिली आणि उल्हास मागून धापा टाकत तिथेच पोहोचला. त्याच्या बाजूने काहीच घडत नव्हतं. पाचव्या बाटलीत मात्र एकच खडा होता, सुपारीएवढा, तपकिरी, अंगाने खडबडीत. एक्सआरएफने कॅल्शियम दाखवलं आणि हात वर केले, कारण कार्बनसारखी हलकी मंडळी त्याला दिसतच नाहीत. एक्सआरडीवर शाहिदने कडेचा चिमूटभर चुरा लावला, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि तो खो खो हसत सुटला.

"व्हेवेलाइट!" तो म्हणाला. "अरे, हा मुतखडा आहे!"

कॅल्शियम ऑक्झलेटचं हे खनिज डोंगरात क्वचित आणि माणसाच्या मूत्रपिंडात सर्रास सापडतं. त्या उन्हाच्या मुलखात तर ते इतकं सर्रास की, नवं यंत्र आलं की कुणीतरी आपला खडा आणून त्यावर चढवायचा, हा तिथला रिवाजच होता. शाहिदचा खडा गेल्या वर्षी निघाला होता आणि दवाखान्याने दिलेली ती डबी तो बरेच दिवस टेबलावर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. तेव्हा खडा कुणाचा हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. कुणीतरी आपली डबी लांबवली असं समजून तोही सगळ्यांबरोबर हसला. "थोडं कॅल्साइट पण दिसतंय," डोळे पुसत तो म्हणाला. "धूळ लागली असणार."

उल्हासने उरलेल्या खड्याची चकती कापली. ती घासून पातळ केली, काचेवर चिकटवली आणि भिंगाखाली सरकवली, आणि त्याचं ते हसू ओठांवर आलं. आत झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं होती, एकाबाहेर एक, गडद आणि फिकट.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने ते चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. अरवा आली, शाहिद आला, दळणाच्या खोलीतली माणसंही हात पुसत दारात उभी राहिली.

"माणूस पाणी कमी पितो तेव्हा खडा गडद, घट्ट थर धरतो," उल्हास म्हणाला. "भरपूर पितो तेव्हा फिकट. इतकं सरळ नसतं ते, पण गंमत म्हणून बघा. हे मधलं काळपट, म्हणजे शाहिद नवा नवा आला तो काळ. उन्हात उभा, पाण्याचं भान नाही. मग हे मऊ पिवळसर थर, तेव्हा स्वारी कुठेतरी थंड हवेत होती. मग पुन्हा ऊन. मधल्या ह्या स्वच्छ रेघा सुट्ट्यांच्या, गावच्या पाण्याच्या. आणि हा जाड काळा पट्टा, ह्यात एकही स्वच्छ रेघ नाही. हा कोरोना. विमान नाही, गाव नाही."

"आणि बाहेरचा हा एवढा रुंद फिकट?" अरवाने विचारलं. खरोखरच, सगळ्यांत बाहेर, बाकीच्या वर्तुळांच्या दुप्पट रुंदीचा, ताकाच्या रंगाचा पट्टा होता.

"शेवटी डॉक्टरने झापलं असेल."

सगळे हसले. शाहिद तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "वल्ला, उल्हासभाई, माझी कुंडलीच मांडली तुम्ही."

मग उल्हासने खरा पत्ता टाकला. त्याने चित्र अगदी कडेला नेलं. फिकट पट्ट्याच्याही बाहेर, खड्याभोवती सगळीकडे सारख्या जाडीची, राखेच्या रंगाची एक साल होती. तिच्यावर त्याने सौम्य आम्लाचा थेंब टाकून पाहिला होता आणि ती फसफसली होती. म्हणजे शाहिदचं कॅल्साइट ते हेच. धूळ नव्हती, कारण धूळ अशी मोजूनमापून बसत नाही. व्हेवेलाइटचंच कॅल्साइट झालं होतं, बाहेरून आत, आणि तसं एकाच गोष्टीने होतं. हा खडा आगीत राहून आला होता.

मग अरवाने टाळी वाजवली. एका यंत्राने कॅल्शियम सांगितलं, दुसऱ्याने नावं सांगितली, पण खड्याचं काय झालं ते भिंगाने सांगितलं, असं ती म्हणाली. मुतखडा जाळतं कोण, हेही तिने विचारलं.

"दवाखान्याची भट्टी," शाहिद म्हणाला. "आधी त्यांनी तो भट्टीत टाकला असेल, आणि मी मागितल्यावर बाहेर काढून दिला असेल!" यावरही भरपूर हशा झाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शाहिद डोकं खाजवत खिडकीपाशी आला. "उल्हासभाई, तो खडा माझा नाही. माझी डबी घरी आहे. बायकोने, शबनमने, कपाटात जपून ठेवलीय, काल रात्री मी उघडून बघितली. आणि मला आधीच कळायला हवं होतं. थंड हवा कसली? मी आलो तो थेट इथे. कोरोनाभर तर मी हर्णैला अडकलो होतो. रोज शहाळी पीत होतो अल्लाच्या कृपेने. माझा तो पट्टा पांढराफटक असायला हवा."

"मग अरवाने कुणाचा दिला?"

शाहिद तेही विचारून आला होता. अरवाने चारच बाटल्या दिल्या होत्या. पाचवी या दोघांनीच गमतीने ठेवली, अशी तिची समजूत होती, आणि तिला ती गंमत आवडली होती. दळणाच्या खोलीत विचारलं, भांडारात विचारलं. जो तो हसून दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी दोघांनी खांदे उडवले. फुकटात मिळालेल्या साक्षीदाराचं गाव विचारू नये, असं उल्हास म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी जेवताना त्याने अलकाला ही हकिकत रंगवून सांगितली. अलका हसली आणि आमटी वाढता वाढता म्हणाली, "कोरोनात शाहिद सुटला. अडकलो आपण. तुमच्या आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा जाता आलं नाही."

उल्हासचा हात ताटातच राहिला. तो स्वतः या देशात आला तेव्हा अल खर्जला होता, सिमेंटच्या कारखान्यात, उन्हात उभा, पाण्याचं भान नसलेला. मग ताइफ. गुलाबाच्या मळ्यांपासून जवळ, डोंगरावर, जिथे अलका एप्रिलमध्येही शाल घ्यायची. मग हे किनाऱ्यावरचं भाजणं, आणि मधूनमधून मुरुड. काल पडद्यापुढे उभं राहून तो ज्याची वर्षं ओळीने वाचत होता तो शाहिद नव्हता, आणि ती इतकी घडाघडा कशी वाचता आली तेही आता त्याच्या लक्षात आलं. त्याने अलकाला यातलं काही सांगितलं नाही. त्याने फक्त आणखी आमटी मागितली, कारण काहीतरी मागणं भाग होतं.

आठवड्याच्या सुट्टीत तो जुबैलच्या एका दवाखान्यात जाऊन सोनोग्राफी करून आला. केरळी डॉक्टर खूश झाला. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ, कॉलेजातल्या पोराला शोभतील अशी, कणभरसुद्धा काही नाही. पूर्वी कधी खडा झाला होता का, त्याने विचारलं. कधीच नाही, उल्हास म्हणाला. "मग तुम्ही इथे कशाला आलात?" डॉक्टरने हिंदीत विचारलं, आणि उल्हास फीचे रियाल मोजू लागला.

माणूस मोठा विचित्र प्राणी. घाबरायचं ते सोडून उल्हासला पुढच्या दिवसांत हळूहळू बरंच वाटू लागलं. तो भिंगाखाली ती चकती पुन्हा पाही आणि मनाशी हिशेब मांडी. कोरोनाचा काळा पट्टा, त्यानंतरची इथली वर्षं, मग ह्या वर्षाचा गडद थर आणि मग तो रुंद, शांत, ताकाच्या रंगाचा पट्टा. त्याचा अर्थ लावायला ज्योतिषी नको होता. आपण हरणार. आपण मुरुडला जाणार, वाडीत बसून विहिरीचं गोड पाणी पिणार, आणि ते एक-दोन वर्षं नाही, चांगली म्हातारपणभर. आणि त्याच्याही बाहेर ती राखेची साल. ती कुणाला चुकली आहे? एवढं रुंद आयुष्य मिळाल्यावर चितेच्या लाकडांबद्दल तक्रार करणारा माणूस करंटाच म्हणायचा. स्टुलावरून उठायची त्याची भीती कुठल्या कुठे गेली. एकदा तर त्याने अलकाला आपण होऊन विचारलं, "विहिरीवरचा पंप बदलायला हवा का गं?" अलकाने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि तो जिंकला.

वरच्या साहेबांपुढे अरवाने त्या खड्याचीच गोष्ट सांगितली होती. एक्सआरएफचं काम यापुढे बाहेरून करून घेतलं जाईल. नव्या इमारतीत एक्सआरडी जाईल, मायक्रोस्कोप जाईल आणि उल्हासही जाईल. गुरुवारी दुपारी जेवणानंतर तिने ही बातमी सगळ्यांसमोर दिली आणि शाहिदने उल्हासला मिठी मारून जमिनीपासून चांगला उचलला. त्याच्या दोन यंत्रांपैकी एक गेलं होतं, पण त्याचं त्याला काही नव्हतं. उल्हासभाई राहतोय ना, बस, असं तो तीनतीनदा म्हणाला. उल्हासच्या डोळ्यांत पाणी आलं. खडा खोटा ठरला, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला स्वतःच्या भाबडेपणाचं हसू आलं.

अरवाने खोका उघडला तेव्हा तर कल्ला झाला. तिने जुबैलच्या बेकरीतून केक करवून आणला होता आणि त्यावर उल्हासने काढलेला त्या चकतीचा फोटो साखरेच्या कागदावर छापून घेतला होता. मधली काळपट वर्तुळं चॉकलेटच्या रंगाची, सभोवती तो रुंद पट्टा मलईचा, आणि अगदी काठाला करड्या रंगाची बारीक किनार. उल्हासने तो डोळे भरून पाहिला.

"आधी करार, मग केक," अरवा म्हणाली. "पोर्टलवर आलाय. यल्ला, चला, मिस्टर उल्हास, स्वीकारून या."

तो खिडकीपाशी गेला, त्याने संगणक उघडला आणि नव्या कराराखालच्या 'मान्य' या खुणेवर बोट दाबलं. मग अलकाला फोन केला. पलीकडे तिने नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं झालं. तुम्ही खूश आहात ना? वाडी काय, कुठे पळून जातेय?" तिने ते इतक्या मायेने म्हटलं की त्याला वाटलं, आत्ताच उठून घरी जावं. जेवणाच्या खोलीतून शाहिदचा आवाज येत होता, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, काट्या-चमच्यांची किणकिण चालली होती. बाहेर उन्हात समुद्राचं पाणी चकाकत होतं.

चकती भिंगाखालीच होती. जाता जाता तिला रामराम करावा म्हणून त्याने दिवा लावला आणि डोळा टेकवला.

अल खर्ज होतं. ताइफचे मऊ पिवळे थर होते. कोरोनाचा पट्टा होता, त्यानंतरची वर्षं होती, ह्या वर्षाचा गडद थर होता, आणि त्या गडद थराला चिकटून, मध्ये काहीही न राहता, राखेच्या रंगाची साल सुरू झाली होती. त्याने चकती फिरवली. वर सरकवली, खाली सरकवली, सबंध काठाला प्रदक्षिणा घातली. काच काढून तिच्यावरचा आकडा वाचला, तो त्याच्याच अक्षरातला होता. पुन्हा लावून पाहिली. ताकाच्या रंगाचा तो पट्टा कुठेच नव्हता.

संगणकातला फोटो उघडायला त्याचा हात धजेना. पण त्याच फोटोचा केक चार पावलांवर होता, आणि तो त्याने आत्ताच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो उठला आणि जवळजवळ धावतच जेवणाच्या खोलीत शिरला.

सगळ्यांच्या हातांत ताटल्या होत्या, सगळ्यांच्या ओठांना मलई लागली होती. शाहिद शेवटचा घास गिळत अपराधी चेहऱ्याने हसला.

"माफ करा, उल्हासभाई, कुणाला धीर निघेना. कडेकडेचा संपला," तो म्हणाला. "पण मधला अख्खा तुमच्यासाठी राखून ठेवलाय."

पुठ्ठ्यावर एक गोल तुकडा उरला होता, चॉकलेटच्या रंगाचा, काठापर्यंत गडद.